साबण, टॉवेल आणि एक सही

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आमचे धाकटे बंधू गेली पंचवीस वर्षं ज्याला त्याला सांगत आलेत. सांगोत बापडे. त्यांचा स्वतःचा राग म्हणे देवाने काढून घेतला. मग तो कुठेतरी ठेवायला हवाच होता. देवाने घरातल्या घरात सोय लावली.

हे बंधू म्हणजे पाळक, चर्चमधले धर्मगुरू. सगळं जग त्याला पाळकसाहेब म्हणतं, मी बाळ म्हणते. बावन्न वर्षांचा बाळ. तुरुंगातून सुटलेल्या आणि ज्यांना कुणी दारात उभं करत नाही अशा माणसांसाठी त्याने हे घर काढलं. पुढे मी त्याला पुष्कळ बोलणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते: माझा भाऊ चांगला माणूस आहे. एखाद्या वाईट माणसाने हे केलं असतं तर मला इतका राग आला नसता.

घर म्हणजे पूर्वीचं मोटारींचं गॅरेज. वरच्या मजल्यावर बारा खाटा, खाली लॉन्ड्री. लॉन्ड्री माझी. नवरा गेल्यावर त्याची मशिनं विकवेनात, तेव्हा ती उचलून इथे आणली. दोन इस्पितळांच्या चादरी, अभ्रे आणि डॉक्टरांचे कोट आमच्याकडे येतात. सुटून आलेला माणूस वर्षभर इथे राहतो, धुतो, वाळवतो, इस्त्री करतो आणि मग बाहेर कुठेतरी कामाला लागतो. सगळेच लागतात असं नाही. दोघे परत आत गेले, एक माझं घड्याळ घेऊन गेला. पण बाकीचे लागतात.

दारातलं टेबलही माझंच. नवा माणूस प्लास्टिकची पिशवी हातात धरून येतो. मी त्याला एक साबण, एक टॉवेल, एक ब्लँकेट आणि दोन जोड कपडे देते आणि तीन कागद पुढे सरकवते. एक घराच्या नियमांचा, एक सामान मिळाल्याचा, आणि तिसरा. तिसरा कशाचा ते मी कधी वाचलं नव्हतं. बाळने करून दिला होता. मी आपली म्हणायचे, ‘इथे सही कर, इथे कर, इथे कर. अंघोळीचं पाणी तापलंय.’

रविवारी उपासना झाली की साक्ष असते. म्हणजे एकाने उभं राहायचं आणि मी कोण होतो, काय केलं आणि प्रभूने मला कसं बदललं ते सांगायचं. पाहुणे आले असले की साक्ष लांबते. आमच्यातल्या एकाला तर आम्ही ‘वक्ते’च म्हणतो. आला तेव्हा त्याच्या साक्षीत दोन घरफोड्या होत्या. आता सात झाल्यात. मी एकदा विचारलं, ‘काय रे, मधल्या पाच केव्हा केल्यास?’ तर म्हणतो, ‘ताई, लोक लांबून येतात.’

मिस्त्री मात्र कधी उभा राहिला नाही.

मिस्त्री मोटारी दुरुस्त करणारा. दारूच्या भरात भागीदाराशी भांडण झालं आणि त्याने हातातला पाना त्याच्या डोक्यात घातला. भागीदार मेला. मिस्त्री नऊ वर्षं आत होता. आत गेला तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती, आणि तिसऱ्या वर्षी बायको आजारपणात गेली. हे सगळं मला कागदावरून माहीत. त्याने स्वतः कधी एक शब्द काढला नाही. बाळ दर रविवारी त्याच्याकडे आशेने बघायचा आणि मिस्त्री म्हणायचा, ‘पाळकसाहेब, मी चादरी करतो.’ आणि खाली यायचा.

चादरी तो खरंच करायचा. माझं जुनं मशीन, जे चार कारागिरांनी भंगारात काढलं होतं, ते त्याने दोन दिवसांत सुरू केलं. चादरीची घडी अशी घालायचा की इस्पितळातल्या परिचारिका ती मोडायला धजत नसत. आणि त्याच्यासमोर मी ओरडले, आणि मी ओरडतेच, तर तो मान खाली घालून ऐकून घ्यायचा आणि मग हळूच म्हणायचा, ‘ताई, ते बटण तुम्हीच दाबलं होतं.’ बहुतेक वेळा मीच दाबलेलं असायचं.

त्याची मुलगी आजीकडे राहते. आजी म्हणजे मिस्त्रीची सासू, शिंप्यांची काजं-बटणं करून नात वाढवणारी बाई. जावई सुटल्यावर पहिले चार महिने तिने त्याला मुलीच्या जवळ फिरकू दिलं नाही, आणि मी तिच्या जागी असते तर आठ महिने दिलं नसतं. मग एकदा ती आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, ‘दर शनिवारी दुपारी. पण एक अट आहे. पोरीला सगळं माहीत आहे, मी काही लपवलेलं नाही. पण शाळेत कळता कामा नये. कळलं म्हणून आधीच्या दोन शाळा सुटल्या. एकीत तिच्या डब्यात कुणी काय टाकलं ते मी सांगतही नाही. ही तिसरी. इथे कळलं तर मी तिला घेऊन माझ्या मोठ्या मुलीकडे जाईन, ती सतरा तासांच्या प्रवासावर राहते. मग बसा.’

तिसऱ्या शाळेतला प्रवेश बाळनेच मिळवून दिला होता. तिथे तो महिन्यातून एकदा सकाळच्या प्रार्थनेला चार शब्द बोलायला जातो. मुख्याध्यापिका त्याला फार मानतात.

तर शनिवारी दुपारी मिस्त्री शाळेच्या फाटकाशी उभा राहायचा, मुलीला घ्यायचा आणि दोघं चालत लॉन्ड्रीत यायची. अकरा वर्षांची पोर, वेण्या घट्ट, जीभ धारदार. मला ताईआजी म्हणते, कारण सगळे ताई म्हणतात आणि मी दिसते आजीसारखी. पहिल्या शनिवारी दोघं समोरासमोर बसली आणि तासभर एकमेकांच्या चपला बघत राहिली. मला ते बघवेना. मी एक वाळलेली चादर काढली आणि तिच्या हातात दोन टोकं दिली. ‘बसून काय राहिलीस? धर.’

मोठ्या चादरीची घडी एकट्याने घालता येत नाही. दोघं लागतात. दोन टोकं याच्या हातात, दोन तिच्या. ताणायची, झटकायची, मग चालत एकमेकांकडे यायचं, टोकं जुळवायची आणि पुन्हा मागे सरायचं. चौथ्या चादरीला ती म्हणाली, ‘तुम्ही वाकडी धरता.’ आणि मिस्त्री हसला. तो हसतो हे मला तेव्हा कळलं. पुढे दर शनिवारी दोघं दीडशे चादरी करायची आणि बोलायची. काय बोलायची ते मी ऐकलं नाही. मुद्दाम मशीन चालू ठेवायचे.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी दुपारी छापखान्याचा माणूस गठ्ठे टाकून गेला. नव्या वर्षाचं कॅलेंडर. बाळची नवी कल्पना. मला एवढंच माहीत होतं की कॅलेंडर निघणार आहे. मला वाटलं, फुलं असतील, डोंगर असतील.

वरचा गठ्ठा सोडला आणि पहिलं पान उघडलं, तर जानेवारीवर वक्ते. हात पसरून उभा. खाली छापलेलं: काल घरफोड्या, आज देवाच्या घरचा. फेब्रुवारीत दुसरा, मार्चमध्ये तिसरा. प्रत्येकाचा फोटो, टोपणनाव, गुन्हा, किती वर्षं भोगली, आणि खाली एक वचन. मी पानं भराभर उलटली.

ऑक्टोबरवर मिस्त्री होता.

हसत होता. त्याचा तो हसरा चेहरा, भुवईवरच्या व्रणासकट, एवढा मोठा. हातात चादर. खाली: मिस्त्री. खून. नऊ वर्षे. आणि त्याखाली ठळक अक्षरांत: पापमुक्तीचं हसू.

फोटोच्या कडेला, जिथे कापला होता तिथे, चादरीचं दुसरं टोक दिसत होतं. त्यावर दोन लहान बोटं. पोरीला कापून टाकलं होतं, बोटं राहिली होती.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला साठाव्या वर्षी कळलं. मी कॅलेंडर घेऊन जिना चढले. बाळ टेबलाशी शुक्रवारच्या मोठ्या सभेची तयारी करत होता.

‘हे काय आहे?’

त्याचा चेहरा उजळला. ‘आलं का? कसं झालंय, ताई?’

‘मिस्त्रीला विचारलं होतंस?’

‘त्याची सही आहे ना.’

‘कसली सही?’

त्याने कपाट उघडलं, फाइल काढली आणि माझ्यापुढे ठेवली. तिसरा कागद. मी पहिल्यांदा वाचला. माझी छायाचित्रे, माझा पूर्वेतिहास आणि माझी साक्ष सेवाकार्याच्या प्रसारासाठी वापरण्यास माझी संमती आहे. खाली मिस्त्रीची सही. आणि त्याखाली, साक्षीदार म्हणून, माझी.

मला ती सकाळ आठवली. त्याला अंघोळ करायची होती. नऊ वर्षांत गरम पाणी मिळालं नव्हतं. मी टॉवेल हातात धरून उभी होते आणि म्हणाले होते, इथे कर, इथे कर, इथे कर. टॉवेल दिला तो सही झाल्यावर.

स्वतःवरचा राग फार वाईट, कारण त्याच्यावर ओरडता येत नाही. म्हणून मी भावावर ओरडले.

‘अरे, तो माणूस दर रविवारी तुला नाही म्हणतोय! तुला ऐकू येत नाही? तोंडाने नाही म्हणाला म्हणून तू कागदाकडून हो वदवून घेतलंस?’

‘ताई, ह्यात गौरव त्याचा नाही, प्रभूचा आहे. असा एक चेहरा बघून आतल्या शंभर जणांना आशा मिळते.’

‘त्याची पोर?’

‘नाव कुठे दिलंय? टोपणनाव आहे.’

‘चेहरा आहे! दर शनिवारी फाटकाशी उभा असतो तो, सगळ्या शाळेने तो चेहरा पाहिलाय. मेंढपाळाला हरवलेलं मेंढरू सापडलं तेव्हा त्याने ते खांद्यावर घेतलं, बाळ. त्याच्या गळ्यात पाटी नाही अडकवली.’

मग त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि तो उतरताना मला कळून चुकलं.

‘शाळेत दिलंस?’

‘काल,’ तो म्हणाला. ‘छापखान्यातून पहिला गठ्ठा मीच आणला. अकरा प्रती. दहा वर्गांना एकेक आणि एक कार्यालयात. मुख्याध्यापिकांना फार आवडलं.’ आणि मग लहानपणी काचेचं भांडं फोडून यायचा तेव्हाच्या आवाजात म्हणाला, ‘माझ्या डोक्यातच आलं नाही, ताई.’

खरं होतं ते. डोक्यात आलं नाही. पोरीला त्या शाळेत घालायला त्याने किती खेटे घातले होते, आणि तोच माणूस आपल्या हाताने बापाचा फोटो घेऊन तिथे गेला, कारण ती शाळा आपली, ती माणसं आपली, आणि आनंदाची गोष्ट आधी आपल्या माणसांना दाखवायची. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असं लोक म्हणतात. इथे मारुतीसुद्धा झाला नव्हता.

‘जा आणि परत आण.’

‘उद्या सभा आहे. सोमवारी सकाळी पहिलं काम तेच करतो. अगं, डिसेंबरात ऑक्टोबरचं पान उघडून कोण बघतं?’

तेव्हा मी ते बोलले. तीस वर्षं आमच्या घरात कुणी बोललं नव्हतं ते. ‘तुझं पान कितवं रे, बाळ? सायकलवाल्याचं?’

एकोणीस वर्षांचा असताना तो वडिलांची गाडी दारू पिऊन चालवत होता. एका सायकलवाल्याला उडवलं आणि पळून घरी आला. त्या माणसाचा पाय गेला. ‘गाडी मी चालवत होतो,’ असं वडिलांनी सांगितलं आणि दंड आणि बदनामी स्वतः घेतली. माझा भाऊ गेली वीस वर्षं व्यासपीठावरून सांगतो, ‘मीही पापी होतो.’ एवढंच. त्यात सायकल नसते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं.

तो पांढरा पडला. मी खाली आले. आणि आता माझंही ऐका. शुक्रवारी मी स्वतः शाळेत जाऊ शकले असते. चालत वीस मिनिटं. पण इस्पितळाच्या चारशे चादरी द्यायच्या होत्या आणि मी स्वतःला म्हटलं, खरंच की, ऑक्टोबर कोण बघतं. मिस्त्रीलाही मी सांगितलं नाही. म्हटलं, सोमवारी सगळं निस्तरेल, उगाच कशाला त्याच्या जिवाला घोर.

शनिवारी दुपारी मिस्त्री हात धुऊन शाळेकडे निघाला होता, तेवढ्यात आजी आणि मुलगी दारात आल्या. आजी या घराच्या उंबऱ्याच्या आत पहिल्यांदाच आली. तिने मुलीच्या पाठीवरचं दप्तर काढलं आणि इस्त्रीच्या टेबलावर उलटं केलं.

वह्या पडल्या, कंपास पडला, आणि ऑक्टोबर पडले. नऊ. एकाच हसण्याचे नऊ चेहरे, काही चुरगळलेले, काही बांधणीच्या तारेपाशी नीट फाडलेले.

‘काल मधल्या सुटीत वर्गावर्गात जाऊन फाडत होती,’ आजी म्हणाली. ‘दहाव्या वर्गात शिपायाने पकडलं. ते पान हिने तिथल्या तिथे फाडून तुकडे केले. दप्तर उघड म्हटलं तर उघडलं नाही. का फाडलंस विचारलं तर बोलली नाही. दोन तास उभी केली तरी बोलली नाही.’ तिने ब्लाउजमधून चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. शाळेच्या वस्तूंची चोरी व नासधूस. कारण सांगण्यास नकार. पालकांनी सोमवारी भेटावे, तोपर्यंत वर्गात बसू दिले जाणार नाही.

‘अकरावं कार्यालयात आहे,’ मुलगी म्हणाली. ‘तिथे जाता आलं नाही. कारकून डबा खात होते.’

मिस्त्रीने टेबलावरचं एक पान उचललं. तो ते पहिल्यांदाच बघत होता. मग दुसरं उचललं, तिसरं उचललं, सगळी एकावर एक ठेवली आणि कडा जुळवल्या. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

‘मिस्त्री,’ मी म्हटलं, ‘त्या कागदावर सही मी घेतली तुझी. न वाचता.’

‘मीपण वाचलं नाही, ताई,’ तो म्हणाला. ‘आत असताना सवय लागते. कागद आला की सही करायची.’

आवाज ऐकून बाळ जिन्यावरून खाली आला. टेबल बघितलं आणि त्याला सगळं समजलं. समजल्यावर त्याने तेच केलं जे तो नेहमी करतो. हात जोडले आणि म्हणाला, ‘आपण प्रार्थना करू.’

‘प्रार्थना मी घरी करीन,’ आजी म्हणाली. ‘मलाही देव आहे. तुम्ही उत्तर द्या. माझी नात शाळेत चोर झाली. बापाने खून केला तेव्हा ती दोन वर्षांची होती, त्यात तिचा दोष नव्हता. आता तुमच्या कॅलेंडरमुळे तिच्या स्वतःच्या नावावर लागलं. चोर सोडून संन्याशाला सुळी. बोला.’

बाळ म्हणाला, ‘मी सांगतो मुख्याध्यापिकांना. सांगतो की छपाईत चूक झाली होती, आणि पानं काढायला मीच तिला सांगितलं.’

मुलीने मान वर केली. ‘तुम्ही खोटं बोलणार?’

बाळचे जोडलेले हात सुटले. मशिनाच्या पिंपात शेवटचं पाणी गरगरत होतं.

‘मी जातो,’ मिस्त्री म्हणाला.

‘नका जाऊ!’ पोर एकदम ओरडली. तोवर डोळ्यांत टिपूस नव्हतं, आता घळाघळा वाहायला लागलं. ‘मी काही सांगितलं नाही ना? दोन तास सांगितलं नाही! मग तुम्ही कशाला सांगता? म्हणू देत मला चोर. चोर चालेल मला.’

‘मला नाही चालणार,’ मिस्त्री म्हणाला.

आजी खुर्चीवर बसली. खुर्चीवर चादरींची चवड होती, ती तिने बघितलीही नाही. सतरा तासांच्या प्रवासाचा विषय तिने काढला नाही, पण तो त्या खोलीत होता. मिस्त्रीलाही माहीत होता.

‘मी येतो तुझ्याबरोबर,’ बाळ म्हणाला.

‘या,’ मिस्त्री म्हणाला. ‘पण बाहेर बसा.’

सोमवारी आम्ही शाळेत गेलो. मुख्याध्यापिकेच्या खोलीबाहेर एक लांब बाक होता, खोड्या केलेल्या पोरांना बसवतात तसला. त्यावर मी, बाळ आणि मुलगी बसलो. मिस्त्री इस्त्रीचा सदरा घालून आत गेला आणि दार लागलं.

दारातून शब्द येत नव्हते, फक्त आवाज. त्याचा. संथ, एकसारखा, न थांबता. दर रविवारी माझा भाऊ ज्या आवाजाची वाट बघत होता, तो दाराआड एका अनोळखी बाईसमोर चालला होता, आणि कशासाठी, तर पोरीच्या नावावरून ‘चोर’ पुसायला. मी घड्याळ बघत होते. अकरा मिनिटं. मुलगी आपल्या नखांकडे बघत होती. कारकून फाइल शोधायच्या निमित्ताने तीनदा दाराशी आला. तिसऱ्यांदा मी म्हटलं, ‘काय हवंय? कान आत ठेवून आलात का?’ तेव्हा गेला. पण उशीर झाला होता.

बाळ खालच्या फरशीकडे बघून म्हणाला, ‘ताई, मला त्या सायकलवाल्याचं नाव आठवत नाही.’

‘तू कधी विचारलंच नाहीस,’ मी म्हटलं. रागाने नाही म्हटलं. पण गोडीतही नाही.

दार उघडलं. मिस्त्रीच्या मागे मुख्याध्यापिका आल्या, डोळे पुसत. त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, चिठ्ठी फाडून टाकली, म्हणाल्या, ‘जा वर्गात. माझ्याकडून हे कुठे जाणार नाही.’ त्या बिचाऱ्यांनी शब्द पाळला. मग बाळकडे वळून म्हणाल्या, ‘पाळकसाहेब, काय काम करता हो तुम्ही! पुढच्या वर्षीही कॅलेंडर पाठवा बरं का.’

मी आत गेले, खिळ्यावरचं अकरावं कॅलेंडर काढलं आणि पिशवीत टाकलं. वर्गांतली दहाही मागून घेतली.

बुधवारपर्यंत शाळेत कळलं. कारकुनाने घरी सांगितलं असेल, त्याची मुलगी तिथेच शिकते. बाकावरची शेजारीण उठून दुसरीकडे बसली. एकाने फळ्यावर काहीतरी लिहिलं. आजीने बॅग भरायला काढली. पोरीने भरलेले कपडे बाहेर काढले आणि म्हणाली, ‘चौथ्या शाळेत मी जाणार नाही. त्यांना उठून बसायचं तर बसू देत, मला बाक मोठा होतो.’ हे मला आजीनेच सांगितलं. सांगताना रडत होती आणि नातीचा अभिमान लपवत होती. जमत नव्हतं.

शनिवारी ती आली. चादरीचं टोक धरलं, ताणलं आणि म्हणाली, ‘तुम्ही अजून वाकडीच धरता.’ मिस्त्री हसला नाही. त्याने फक्त धरलं, नीट. तो पुन्हा केव्हा हसेल माहीत नाही. ते हसणं आम्ही छापून टाकलं.

दीड हजार कॅलेंडरांचं काय करायचं, ते बाळने विचारलं नाही. त्याने बाराही जणांना एकेकट्याने बोलावलं आणि प्रत्येकाला त्याचं पान दाखवून विचारलं, ठेवू की काढू? वक्ते म्हणाला, ‘माझं राहू द्या, फोटो बरा आलाय.’ दुसऱ्याने विचारलं, ‘नाही म्हणता येतं?’ तिसऱ्यानेही तेच विचारलं. आणखी चौघांनी तेच. मी बाहेर इस्त्री करत होते. प्रत्येक वेळी ते शब्द ऐकले आणि प्रत्येक वेळी माझ्या हातून इस्त्री थांबली. आमच्याकडे वर्ष काढलेली माणसं. एकाच ताटात जेवलेली. नाही म्हणता येतं हे त्यांना आम्ही सांगितलंच नव्हतं.

कॅलेंडरं बॉयलरमध्ये गेली. त्या दिवशीचं पाणी चांगलं तापलं. आणि तिसरा कागद मी स्वतः जाळला, सगळा गठ्ठा, बाळच्या समोर. त्याने अडवलं नाही. तो आता कधी कधी सकाळी कुठेतरी जातो, जुन्या नोंदी बघायला, असं सांगतो. मी विचारत नाही. नाव सापडलं की सांगेल.

कागद जाळले त्याच संध्याकाळी नवा माणूस आला. पंचविशीचा, हातात प्लास्टिकची पिशवी, पायात सैल बूट. मी टेबलावर साबण ठेवला, टॉवेल ठेवला, ब्लँकेट आणि कपडे ठेवले. तो कशालाही हात न लावता उभा राहिला. मला वाटलं, लाजतोय.

‘घे ना,’ मी म्हटलं.

त्याने टेबल वरपासून खालपर्यंत बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा टेबलाकडे. उजव्या हाताची बोटं जुळवली.

‘सही कुठे करू?’

‘कुठेच नाही!’ मी ओरडले, आणि तो बिचारा दचकून मागे सरला. मग मी टॉवेल उचलून त्याच्या हातात दिला.

‘कुठेच नाही, बाबा. जा, अंघोळ कर. पाणी तापलंय.’